वर्ना टिबेट्सचं नाक

आमच्या ब्रायर क्रीकच्या खोऱ्यात दोनच प्रकारची माणसं राहतात. एक, जी अजून पितात. आणि दुसरी, ज्यांनी सोडली. पिणारे एकमेकांना शनिवारी रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात भेटतात, सोडलेले गुरुवारी हॉलमध्ये. गांजाचा या विभागणीशी काही संबंध नाही, तो दोन्हीकडे सारखाच चालतो. बाहेरून नवीन आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. ‘दारू सोडली म्हणता आणि हे चालतं?’ असं तो डोळे मोठे करून विचारतो. आम्ही त्याला कॉफी देतो आणि दाराजवळची खुर्ची दाखवतो.

कॉफी मी करतो. मी हॅल, पंप दुरुस्त करतो. मी दारू सोडली त्याला बरीच वर्षं झाली, आणि गांजाचं तेलही घेत नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही. ते घेतलं की माझी पहिली बायको चांगली होती असं मला वाटायला लागतं, आणि तो धोका या वयात परवडत नाही.

आता तेलाचं सांगतो. पूर्वी या डोंगरांत गांजा लावणं हा गुन्हा होता आणि त्यावर सगळ्यांची घरं नीट चालली होती. मग सरकारला एकदाची सुबुद्धी सुचली, कायदा बदलला, ज्याला त्याला परसात चार झाडं लावायची मोकळीक मिळाली. त्या दिवसापासून आमच्या मालाला कोणी विचारेना. शहरांच्या कडेला काचेच्या मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या, त्यात पांढरे कोट घातलेली पोरं गांजा पिकवायला लागली, आणि आम्ही, ज्यांनी उभी हयात पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून झुडपात उड्या मारण्यात घालवली, ते गोठ्यात वाळत घातलेल्या फांद्यांकडे बघत बसलो. मग कोणीतरी म्हणालं, तेल काढू. गुडघ्यांना बरं असतं. आमच्याकडे आता गांजा आणि गुडघे सोडून दुसरं फारसं काही उरलेलं नव्हतं, तेव्हा सगळ्यांना पटलं.

तेलासाठी फुलं कडक मद्यार्कात बुडवतात, गाळतात, आणि मद्यार्क उडून जाईपर्यंत वाट बघतात. खाली काळं, चिकट, डांबरासारखं जे राहतं ते तेल. तांदळाच्या दाण्याएवढं जिभेखाली ठेवलं की रात्र बरी जाते. पण गंमत अशी की गांजा परसात लावायला परवानगी देणाऱ्या आमच्या राज्यात तेवढी कडक दारू दुकानात विकायला बंदी. मग ऑटिस प्रुइट ती बाहेरच्या राज्यातून आणायला लागला. याच ऑटिसनं तरुणपणी कुत्र्यांच्या खाद्याच्या पोत्यांखाली लपवून गांजा बाहेर नेला होता. आता त्याच पोत्यांखाली लपवून तो दारू आत आणतो. म्हातारपणी माणसांना नवे धंदे शिकावे लागतात, ऑटिसला फक्त गाडीचं तोंड फिरवावं लागलं. स्वतः तो वीस वर्षं प्यायलेला नाही. बाटल्या आणताना हातमोजे घालतो.

या सगळ्या कारभाराच्या वर बसलेली बाई म्हणजे वर्ना टिबेट्स.

वर्ना सत्तरीच्या पुढची. उंच, काटकुळी, पुरुषी शर्ट, पाठीवर पांढरी वेणी. तरुणपणी ती कॅन्सासहून एका दाढीवाल्याबरोबर आली होती, निसर्गाच्या सान्निध्यात राहायला. दाढीवाला एका हिवाळ्यात निसर्गाला कंटाळला आणि शेळ्या घेऊन निघून गेला. वर्नाला त्याचं काही वाटलं नाही, शेळ्यांचं वाटलं. मग ती प्यायला लागली. तिचं पिणं असं की खोऱ्यातल्या एकुलत्या एक बारनं तिला बंदी घातली, आणि वर्षाच्या आत तो बार बंद पडला.

एका सकाळी तिला ओढ्याच्या मधोमध, स्वतःच्या पिकअपमध्ये, गुडघाभर पाण्यात जाग आली. तिनं दार उघडलं, चालत हॉलवर आली, ओल्या बुटांनी दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “कोणीतरी माझी गाडी काढा.” गाडी काही निघाली नाही, अजून तिथंच आहे, तिच्यात वाळू भरलीय. वर्ना मात्र निघाली. त्यानंतर तिनं थेंबाला शिवलं नाही. आणि ती खुर्ची तेव्हापासून नव्यांची खुर्ची झाली. जो पहिल्यांदा येतो, किंवा पिऊन परत येतो, तो तिथं बसतो. वर्ष झालं की बिल्ला मिळतो आणि माणूस एकेक रांग पुढं सरकतो. वर्ना सगळ्यात पुढं बसायची. तिथून मागं वळून बघायला तिला फार आवडायचं.

दारू सोडलेली माणसं नाकानं कांदे सोलतात असं आमच्यामागं पिणारे म्हणतात. इतरांबद्दल ते खोटं असेल, वर्नाबद्दल खरं होतं. खोकल्याचं औषध तिला चालायचं नाही. चूळ भरायचं औषध चालायचं नाही. व्हॅनिलाचा अर्कसुद्धा चालायचा नाही, कारण त्यात दारू असते हे तिनं बाटलीवर वाचून आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून आमच्या वाढदिवसांचे केक लिंबाचे होतात.

लॉनी बीसमचा किस्सा तर खोऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. लॉनी सुतार, देवमाणूस, आयुष्यभर दुसऱ्यांची छपरं बसवून स्वतःची पाठ मोडून घेतलेला. त्याला सोडून बारा वर्षं झाली होती. नाताळाला बहिणीकडे गेला आणि परत आल्यावर गुरुवारी हॉलमध्ये भोळेपणानं म्हणाला, “केक काय छान केला होता तिनं. महिनाभर रममध्ये भिजवला होता म्हणे.”

वर्ना पहिल्या रांगेतून मागं वळली.

“किती खाल्लास?” वर्नानं विचारलं.

“एकच तुकडा.”

“गिळलास?”

“केक होता, वर्ना. गिळणारच की.”

“मग बिल्ला काढून ठेव.”

कोणीतरी मागून म्हणालं, अगं चुकून झालं त्याच्याकडून. वर्ना म्हणाली, “मी ओढ्यातही चुकूनच गेले होते.” लॉनीनं बारा वर्षांचा बिल्ला टेबलावर ठेवला आणि जाऊन दाराजवळ बसला. त्या हिवाळ्यात त्या दारातून येणारं वारं मी बघितलंय. तो एकदाही कुरकुरला नाही, आणि ते बघून वर्नाला आपलं बरोबर असल्याची खात्रीच पटली.

तिचं नाक प्रसिद्धीला आलं ते तेलाच्या पहिल्याच वर्षी. ऑटिस आपली पहिली बरणी मिरवायला हॉलवर घेऊन आला होता. वर्ना तिच्याजवळून कॉफी घेऊन चालली होती, ती थबकली.

“यात दारू आहे.”

“होती,” ऑटिस म्हणाला. “दोन दिवस पंख्याखाली ठेवलंय. सगळी उडाली.”

“आहे.”

“वर्ना, मी स्वतः बसून राखण केलीय.”

“म्हणून तर सांगते. तू राखण केलीस की काहीतरी राहतंच.”

ऑटिस तणतणत बाहेर अंगणात गेला. खिशातून चमचा काढला, त्यावर तेलाचा थेंब घेतला, खालून लायटर धरला. चमच्याच्या कडेवर निळी ज्योत नाचायला लागली. दारू राहिली असली तरच अशी ज्योत उठते, आणि ती सगळ्यांनी बघितली. ऑटिसचं तोंड एवढंसं झालं. त्यानं चमचा पुसून परत खिशात टाकला आणि त्या दिवसापासून वर्नाच्या नाकाला खोऱ्यात कोर्टाचा दर्जा मिळाला. आमची अर्धी वस्ती सोडलेल्यांची. तेलात मद्यार्क राहिला तर पिणाऱ्यांना तो बोनस वाटतो, आम्हाला मात्र सगळी वर्षं परत मोजावी लागतात. जिला थेंब चालत नव्हता तिलाच थेंबाचा वास सगळ्यांआधी येत होता, यात आम्हाला काही विचित्र वाटलं नाही. आमच्याकडे बरंच काही विचित्र असतं.

मग दर गुरुवारी सभेच्या तासभर आधी हॉलच्या खिडकीशी टेबल लागायचं. वर्ना बसायची, समोर बरण्या घेऊन माणसांची रांग. ती आधी चष्मा काढायची. वास घ्यायला चष्मा का काढावा लागतो हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मग बरणी नाकाशी धरून डोळे मिटायची. मधे हुंगून नाकातला आधीचा वास घालवायला मी तिला वाटीत कॉफीच्या बिया ठेवलेल्या असायच्या. निकाल दोनच: ‘जा’ किंवा ‘परत’. पण निकालाआधी दोन शब्द ऐकवल्याशिवाय तिनं कोणाला सोडलं नाही.

“हे काय आणलंस, गाडीचं ग्रीस?”

“तुला आईनं थांबायला शिकवलं नाही, हे पहिल्याच वासात कळलं.”

“हे तेल बरंय. तू केलेलं नाहीस. कोणी केलं?”

पैसे ती घेत नसे. ज्या बरणीला ‘जा’ म्हटलं तिच्यातला तांदळाच्या दाण्याएवढा एक दाणा आपल्या गुडघ्यांसाठी पत्र्याच्या छोट्या डबीत ठेवायची, एवढाच तिचा मान. रोज संध्याकाळी त्यातला एक जिभेखाली. माणसं शिव्या खाऊन बाहेर पडायची ती खूश असायची. मला वाटायचं, तेल पास झालं म्हणून.

मग एका हिवाळ्यात सगळ्या खोऱ्यात ताप फिरला. वर्नानंही पंधरवडाभर अंथरूण धरलं. उठली ती आणखी बारीक होऊन, पण गुरुवारी टेबलाशी हजर. चष्मा काढला, डोळे मिटले, शिव्या दिल्या. एवढंच की आता ‘परत’ जास्त व्हायला लागलं. “म्हातारी कडक झालीय,” ऑटिस कौतुकानं म्हणाला. आम्हा लोकांना कोणी जास्त छळलं की आमचा त्याच्यावरचा विश्वास वाढतो.

त्यानंतर एका गुरुवारी हॉलच्या लाकडी जमिनीखाली एक स्कंक शिरला. मांजराएवढं काळं-पांढरं जनावर. एरवी गरीब, पण बिथरलं की शेपटी वर करून असा फवारा मारतं की कुत्रीसुद्धा घर सोडून जातात. कशानं तरी तो बिथरला. मी कॉफी करायला आलो तेव्हा फाटकापासूनच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नाकाला रुमाल बांधून आत गेलो, खिडक्या उघडाव्यात म्हणून. बघतो तर आत वर्ना. शांतपणे खुर्च्या मांडत होती.

“रडतोस कशाला?” तिनं विचारलं.

“वर्ना, तुला वास येत नाही?”

ती थांबली. खुर्ची हातातच होती. मग अंदाजानं म्हणाली, “येतोय की. कॉफी करपवलीस.”

“कॉफी अजून केलेलीच नाही.”

तिनं खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली. एवढ्या वर्षांत मी तिला मधल्या रांगेत बसलेलं पहिल्यांदाच बघितलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तापापासून.”

“मग इतके गुरुवार तू काय करतेस?”

“माणसाचं तोंड बघते. खोटारडा दिसला की परत.”

“आणि खरा दिसला तर?”

“त्यालाही मधूनच एखादा परत देते. नाहीतर संशय येतो.”

मी रुमालाच्या आत हसलो असेन, कारण ती चिडली. मग म्हणाली, “सांगणार आहे मी. वसंतात तीस वर्षांचा बिल्ला मिळतोय, तो होऊ दे.”

“आत्ताच सांग ना. कोणी खाणार आहे का तुला?”

“खाल्लं तर बरं. येणारच नाहीत ते, हॅल. माझं घर रस्त्याच्या शेवटाला आहे. तिकडं कोण येतं? पोस्टवालासुद्धा पत्रं खालीच टाकून जातो. हे नाक आहे म्हणून आठवड्यातून एक दिवस माणसं माझ्यापुढं उभी राहतात. ते गेलं म्हटलं की मी नुसती एक कजाग म्हातारी. आणि कजाग म्हाताऱ्या या खोऱ्यात काय कमी आहेत?”

मी बाहीनं डोळे पुसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते स्कंकमुळे. त्या दिवशी सभा बाहेर ओकच्या झाडाखाली झाली. आत इतका वेळ कशी बसलीस, असं कोणीतरी वर्नाला विचारलं. ती म्हणाली, “याहून वाईट वासाच्या माणसाबरोबर मी आठ वर्षं संसार केलाय.” सगळे हसले. मी गप्प राहिलो. पंपवाला माणूस, लोकांच्या विहिरीत काय काय असतं ते बघून गप्प राहायची सवय असते.

लॉनी याच सुमाराला बरण्यांच्या रांगेत यायला लागला. नव्यानं मोजून त्याची आता तीन वर्षं झाली होती. पाठ इतकी गेली होती की रात्री तो खुर्चीतच झोपायचा, म्हणजे झोपायचा नाही. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तेल करायला घेतलं. वर्नानं पहिल्यांदा बरणी परत केली. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदाही केली. चौथ्या वेळी तो आला तेव्हा टेबलाची कड धरून उभा होता आणि ओठ पांढरे पडले होते.

“झालं असेल का, वर्ना?” त्यानं विचारलं. “मला यातलं कळत नाही. झालं नसेल तर तू सांगशीलच, म्हणून घेऊन आलो.”

वर्नाला माणसांची तोंडं वाचता येत होती आणि तिथंच घात झाला. लॉनीच्या तोंडावर खोटं असं कधी नव्हतंच. तिथं फक्त दुखणं होतं. वर्नानं बरणी नाकाशी धरली, नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. शिवी दिली नाही. “जा,” म्हणाली. आपला दाणा डबीत घेतला. मी खिडकीतून बघत होतो. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

पुढच्याच गुरुवारी तिचा तीस वर्षांचा बिल्ला होता. हॉल भरला होता. पिणारेसुद्धा दोघे-तिघे आले होते, केकसाठी. केक ऑटिसनं केला होता, वर साखरेचा तीसचा आकडा. वर्नानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वेणीला निळी फीत. ऑटिसनं छोटंसं भाषण केलं. त्यात वर्नापेक्षा त्याचाच उल्लेख जास्त होता. मग त्यानं बिल्ला तिच्या हातात ठेवला. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात लॉनी उठून उभा राहिला.

“मला आधीच बोलू द्या,” तो म्हणाला. “नंतर बोललो तर केक खाऊन बोलल्यासारखं होईल.”

सगळे वळून बघायला लागले.

“रविवारी मी तेल जिभेखाली ठेवलं. जीभ पोळली. ती चव मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. त्यात दारू होती.”

“थुंकलास ना?” ऑटिसनं घाईघाईनं विचारलं.

“गिळल्यावर.”

एवढं बोलून तो पुढं आला, तीन वर्षांचा बिल्ला केकच्या शेजारी ठेवला आणि टेकत टेकत जाऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसला. वर्नाचं नाव त्यानं घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. पण वर्नानं ‘जा’ म्हटल्याशिवाय खोऱ्यात कोणी तेल तोंडात घालत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. तिला पळवाटा भरपूर होत्या. लॉनीनं घरी नेऊन काही घोटाळा केला, म्हणता आलं असतं. तेवढ्यानं काय होतंय, असंही म्हणता आलं असतं, फक्त लॉनीची बारा वर्षं घालवणारा तो रमचा केक आडवा येत होता. हॉलमधला प्रत्येकजण त्या वेळी त्याच केकचा विचार करत होता.

“लॉनी,” वर्ना म्हणाली, “गेल्या गुरुवारचीच ना ती बरणी?”

“हो.”

“तिच्यातला दाणा मीही घेतला. सोमवारी. जीभ चुरचुरली होती. मी मनाला म्हटलं, काही नाही, तेल कडूच असतं. माझं नाक गेलंय. तापापासून. कसलाच वास येत नाही.”

तिनं हातातला बिल्ला लॉनीच्या बिल्ल्याशेजारी ठेवला आणि दाराकडे निघाली. लॉनी तिला खुर्ची द्यायला उठायला लागला, पण पाठीनं उठू दिलं नाही.

“बस,” ती म्हणाली. “तू आधी आलास.”

मी दुसरी खुर्ची नेऊन ठेवली. तिनं ती लॉनीच्या खुर्चीला लावली आणि बसली. वारं सरळ अंगावर येत होतं. मग दाराकडे बघत, लॉनीकडे न बघता, ती म्हणाली, “तुझ्या बहिणीच्या त्या केकचं. मी चुकले.”

“बारा वर्षं होती ती, वर्ना.”

“माहीत आहे.”

असू दे, असं लॉनी म्हणाला नाही. मला तो त्या क्षणी फार आवडला.

प्रकरण इथंच मिटलं असतं, पण ऑटिस बोटांवर काहीतरी मोजत होता. “तापापासून,” तो म्हणाला. “म्हणजे माझी जानेवारीतली बरणी...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. छातीवरचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि दाराकडे चालायला लागला. मग तिसऱ्या रांगेतली बाई उठली. मग तिच्या मागचे दोघे. हिवाळ्यापासून वर्नानं पास केलेलं तेल ज्यानं ज्यानं जिभेखाली ठेवलं होतं तो प्रत्येकजण उठला, कारण कोणाच्या बरणीत काय होतं हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. एवढ्या खुर्च्यांचा आवाज त्या हॉलमध्ये कधी झाला नव्हता. केकशेजारी बिल्ल्यांचा ढीग झाला आणि दाराजवळ माणसांचा. पिणाऱ्या पाहुण्यांना हे सगळं आमच्यातला काही विधी वाटला, आणि गैर दिसू नये म्हणून तेही उठून मागं गेले.

पुढं उरलो मी एकटा.

“तू नाही का येत?” ऑटिसनं मागून विचारलं.

“मी तेल घेत नाही.”

“म्हणजे आता सगळ्यात जुना तू.” त्याच्या आवाजात जी निराशा होती ती त्याला लपवता आली नाही. “मग केक तूच काप.”

तीसचा आकडा घातलेला केक मी हातात सुरी घेऊन बघत उभा राहिलो. मग शंका आली म्हणून विचारलं, “ऑटिस, यात व्हॅनिला नाही ना घातलास?”

ऑटिस आपल्या बुटांकडे बघायला लागला.

सगळ्यात आधी हसली ती वर्ना. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, दाराजवळच्या खुर्चीवर बसून ती इतकी हसली की लॉनीलाही हसू आलं, आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून तो ओरडला. केक शेवटी पाहुण्यांनी घरी नेला. छान झाला होता म्हणे.

पुढच्या गुरुवारी वर्ना आधी आली नाही. मी टेबल लावलं नाही, कॉफीच्या बिया वाटीत काढल्या नाहीत. सभेच्या वेळेला ती आली, कोणाकडे न बघता दाराजवळ बसली आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. तिला इतकं लहान दिसताना मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

तेवढ्यात ऑटिस बरणी घेऊन तिच्यापुढं येऊन उभा राहिला. “जरा बाहेर ये,” म्हणाला. तिला अंगणात नेलं, खिशातून चमचा काढला, थेंब घेतला, खालून लायटर धरला. निळी ज्योत उठली नाही, नुसता धूर आला.

“बघितलंस?” तो म्हणाला. “आता बोल.”

“मी काय बोलू? तुझ्या चमच्यानं सांगितलं की.”

“बोल, वर्ना. मागं माणसं थांबलीत.”

खरंच थांबली होती. पायऱ्यांवर रांग होती, प्रत्येकाच्या हातात बरणी. शेवटी लॉनी, काठी टेकून. आणि प्रत्येकाच्या वरच्या खिशात घरून आणलेला चमचा.

वर्नानं पहिल्या खिशापासून शेवटच्यापर्यंत चमचे मोजले.

“हे चमचे तुमच्या घरात आधीपासून होते?”

“पहिल्या दिवसापासून,” ऑटिस म्हणाला. “घरूनच बघून यायचो आम्ही. लॉनीला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, आणि या हिवाळ्यात तू कडक झालीस म्हणून आम्ही सगळ्यांनीच आळस केला, एवढंच.”

“मग इतकी वर्षं माझ्या टेबलापुढं कशाला उभे राहायचात?”

ऑटिसनं चमचा शर्टाला पुसला. “चमचा शिव्या देत नाही,” तो म्हणाला.

वर्नानं बरणी त्याच्या हातातून घेतली, चष्मा काढून माझ्याकडे दिला, आणि डोळे मिटून बरणी त्या बंद पडलेल्या नाकाशी धरली.

“हे काय आणलंस,” ती म्हणाली, “गाडीचं ग्रीस?”